बिनवासाची प्लेट

फोन वाजला तेव्हा डॉ. च्येन डब्यातल्या माशाचा काटा काढत होते. ताइनानकडचा हा मासा म्हणजे काट्यांचं रानच. जन्मभर खाऊनही बोलत बोलत तो खायची त्यांची छाती नव्हती, म्हणून जेवताना ते फोन घेत नसत. पण आज नंबर राजधानीतल्या मोठ्या प्रयोगशाळेचा होता, आणि तिथली माणसं भर जेवणाच्या वेळी चांगली बातमी द्यायला फोन करत नाहीत. पलीकडची बाई तरुण आणि फार अदबशीर होती. जेवण झालं का, हे तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "डॉक्टर, गेल्या आठवड्यात तुम्ही तपासायला पाठवलेला तो जंतू आहे ना, तुमच्या मशीनने मातीतला, निरुपद्रवी म्हणून सांगितलेला? तो ब्रुसेला आहे. आम्ही दोनदा खात्री केली." थोडं थांबून, हवापाण्याची चौकशी करावी तशा सुरात तिने पुढे विचारलं, "तुमच्याकडं तो कुणी उघड्यावर हाताळला नाही ना?"

"बघतो," डॉ. च्येन म्हणाले. तिचे आभार मानून त्यांनी फोन ठेवला आणि पुढचा घास तोंडात घातला. सवयीने जीभ काटा शोधू लागली. काटा नव्हता, तरी घास गिळवेना. तोंडात लोखंडाची चव आली होती. लहानपणी शाळेच्या आवारातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचं, तेव्हा यायची तशी. मानेमागे कुणीतरी ओला रुमाल ठेवल्यासारखं वाटलं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात काय काय होतं ते त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं; पण मानेमागचा हा गारवा कुठल्या पुस्तकात नव्हता. ब्रुसेला. शेळ्यामेंढ्यांचा आजार. गुराखी, खाटीक आणि कच्चं दूध पिणारे यांच्याखालोखाल तो कुणाला होत असेल तर तो वाढवणाऱ्यांना, म्हणजे लॅबमधल्या माणसांना. ज्याने खायला घालायचं त्यालाच चावणारा जंतू. हवेवर बसतो, नाकातून जातो, आणि आठवडेच्या आठवडे गप्प राहून एका संध्याकाळी ताप घेऊन उभा राहतो. आणि मेंढ्यांच्या कळपात शिरला, तर पहिली खूण काय दिसते? मेंढ्या गाभडतात. हे वाक्य परीक्षेत लिहून त्यांना गुण मिळाले होते.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. उघड्यावर कुणी हाताळला नाही ना? हाताळला होता, त्यांनी स्वतःच.

जंतू वाढवायची झाकणाची प्लेट उघडून वास घेणं सगळीकडे कधीच बंद झालं होतं. लॅबच्या भिंतीवर तसा फलकच होता: एक नाक आणि त्याच्यावर आडवी लाल रेघ. तो फलक ज्या समितीने लावायला लावला तिचे अध्यक्ष डॉ. च्येनच होते. पण त्यांना ही विद्या ज्यांनी दिली ते यान सर जुन्या वळणाचे होते. ते म्हणायचे, जंतूला चेहरा नसतो, पण अंगाचा वास असतो. माणूस घरात शिरला की आई न बघता ओळखते कोण आलं, तसं ओळखता आलं पाहिजे. एक जंतू पिकल्या द्राक्षांसारखा, एक करपलेल्या साखरेसारखा, एक उंदराच्या बिळासारखा. वादळानंतर दक्षिणेकडचे शेतकरी ज्याने आजारी पडत, त्याला ओल्या मातीचा वास. यान सर डोळे मिटून झाकण उचलायचे, हाताने हवा नाकाकडे ओढायचे आणि नाव सांगायचे. ते गेले ते म्हातारे होऊन, अंथरुणात. म्हणून मग डॉ. च्येनना मनातल्या मनात वाटायचं की फलक ठीक आहे, नियम ठीक आहे, पण अधूनमधून, लांबून, जरासं... मशीन तर आता सगळंच सांगायचं. मशीनच्या डोक्यावर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवलेला असायचा, ते शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडीवरची मुदत संपली की पोरं आठवणीने नवीन ठेवायची. मशीन शहाण्यासारखंच वागलं होतं. त्याच्या पोटात जेवढी नावं भरली होती त्यातलं सगळ्यांत जवळचं नाव त्याने सांगितलं. चुकलं ते डॉ. च्येनचं. वॉर्डात फोन करून, ज्याच्या रक्तात हा जंतू सापडला तो माणूस कोण, कुठून आला, काय खाल्लं त्याने, हे विचारणं हेच त्यांचं काम. ते त्यांनी केलं नाही, कारण नाव निरुपद्रवी होतं. आज फोन केला तेव्हा कळलं की माणूस फरशांचा व्यापारी. दोन महिन्यांपूर्वी उत्तरेच्या गवताळ मुलखात गेला होता आणि तंबूत बसून यजमानाने दिलेलं दूध नाही म्हणता येईना म्हणून प्याला होता. नाही म्हणता येईना. डॉ. च्येननी ते शब्द दोनदा ऐकून घेतले.

गेल्या आठवड्यात ज्या दिवशी त्यांनी झाकण उचललं, त्या दिवशी प्लेटवर बारीक बारीक ठिपके आले होते, दवासारखे. तीन दिवस लावले होते त्यांनी यायला, लाजत लाजत. मशीनने नाव सांगितलं होतं, पण डॉ. च्येनना ती चाल ओळखीची वाटेना. त्यांनी झाकण उचललं. लांबून. मग जरा जवळून. वास नाही. काहीच नाही. म्हातारपणी नाक गेलं की काय, असा एक किरकोळ धसका बसला. आपण म्हातारे झालो हे आरशात बघून कधी वाटत नव्हतं, असंच कुठून तरी कळायचं. आणि म्हणून, केवळ स्वतःच्या नाकाची खात्री करून घ्यायला, त्यांनी हाक मारली, "या-चू, इकडे ये जरा. तुझं नाक दे."

या-चू त्यांची टेक्निशियन. लॅबमधलं सगळ्यांत तल्लख नाक तिचं. आदल्या रात्री कोण कुठल्या गाडीवर जेवलं हे ती सकाळी जिन्यात सांगायची. ती आली. "बघ, याला काही वास येतो का," असं म्हणत डॉ. च्येननी झाकण तिच्यासमोर उचललं. ती वाकली. आणि तिचा चेहरा भाताच्या पेजेसारखा झाला, हात तोंडावर गेला, आणि ती उलट्या पावली वळून पळत दाराबाहेर गेली. मागून कुणीतरी हसलं. डॉ. च्येनही हसले. झाकण हातात तसंच होतं. मग ते हसू ओठांवर राहिलं आणि आत एकेक गोष्ट जागच्या जागी जाऊन बसू लागली: गेले काही दिवस ही पोर कात्रीला हात लावत नाही, पाकिटं नखाने फाडते. भिंतीवर खिळा ठोकायचा होता तेव्हा खाली निघून गेली. कॉफी सोडली. त्यांना कळलं, आणि बरं वाटलं. आणि त्या गावात असं कळलेला कुठलाही शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. कळलेलं मनाच्या कोपऱ्यात सरकवलं आणि त्याच्यावर झाकण ठेवलं. तीन महिने होईस्तोवर बोलायचं नसतं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, अभिनंदनाच्या नजरेने बघायचंसुद्धा नाही. गर्भाची राखण करणारा देव घरात असतो, आज पलंगात, उद्या चुलीपाशी, परवा भिंतीत; त्याला धक्का लागायला नको, आणि बोलण्याचाही धक्का लागतो.

यावर त्यांचा विश्वास होता का? कुणी विचारलं असतं तर ते हसले असते. पण पस्तीसएक वर्षांपूर्वी, त्यांच्या बायकोला, पी-युनला, दुसरा महिना असताना, त्यांनी पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या ठोकल्या होत्या. नवीन घर, नवीन नोकरी, पुस्तकांच्या पेट्या बांधलेल्या तशाच पडलेल्या. आई गावाहून आली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघत होती, एक शब्द बोलली नाही. आणि ते मात्र लॅबमध्ये, वॉर्डात, भाजीवाल्याला, सगळ्यांना सांगत सुटले होते, मी बाप होणार म्हणून. पुढचा आठवडा सरायच्या आत सगळं संपलं. आईने पकड घेतली आणि भिंतीतले सगळे खिळे एकेक करून उपटले, भोकं भाताच्या खळीने बुजवली. त्यांनी तिला समजावून सांगितलं की पेशींच्या आत धागे असतात, जुळणीत चूक होते, कुणाचा दोष नसतो. आई म्हणाली, "तुझं शास्त्र मला नको शिकवू. खिळा कुणी ठोकला ते सांग." पी-युन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने काहीच म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. नंतर पुन्हा दिवस राहिले नाहीत. पुस्तकं कितीतरी वर्षं जमिनीवरच होती. आईचं म्हणणं खोटं होतं हे डॉ. च्येनना ठाऊक होतं, आणि तेवढ्या ठाऊक असण्यावर ते आजवर जगले होते. आता मात्र या-चूच्या बाबतीत आई आणि शास्त्र शेजारी शेजारी येऊन बसली होती आणि दोघं एकच विचारत होती, झाकण कुणी उचललं ते सांग.

दुपारी संसर्ग-नियंत्रणाच्या फांग बाई आल्या. फांग बाई म्हणजे जिन्यातच आवाज आधी येणार, मग बाई. त्या दिवशी खोलीत जे जे होते त्यांना त्यांनी चहाच्या खोलीत गोळा केलं. सहाजण. डॉ. च्येननी जे घडलं ते सांगितलं. मी झाकण उघडलं, जंतू हाताळायच्या बंद कपाटाच्या बाहेर, टेबलावर. हे सांगणं त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. मुकादम टेक्निशियन ल्वान ताई म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या त्या नाकाचा आता विमा उतरवा. फलकावर फोटोही तुमचाच लावू." सगळे हसले, घाबरलेली माणसं हसतात तसे, जरा जास्त. या-चू खिडकीशी उभी होती. ती हसली नाही आणि डॉ. च्येनकडे बघितलंही नाही.

"तीन आठवडे दोन गोळ्या, एक लाल, एक पिवळी," फांग बाईंनी सुरुवात केली. "रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि डॉक्टरांना कळवायचा. महिनोन्‌महिने अधूनमधून रक्त द्यायचं. लिव्हरचा त्रास कुणाला? नाही. औषधाची ॲलर्जी? नाही. बायकांत कुणी पोटुशी?"

"माझ्याकडं काय बघतेस?" ल्वान ताई म्हणाली. "माझं दुकान कधीच बंद झालंय."

पुन्हा हसणं. आणि त्या हशात, स्पष्ट, खणखणीत, या-चूचा आवाज: "नाही."

डॉ. च्येननी टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे पाहिलं. पिवळी गोळी पोटातल्या जिवाच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते, हे फांग बाईंना ठाऊक होतं म्हणून तर त्यांनी विचारलं. त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळालं. त्यांचं काम झालं. आता खोलीत एकच माणूस असा होता ज्याला ते उत्तर खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं. बोलावं तर चारचौघांत तिची ती गोष्ट उघडी पाडावी लागणार. आणि न बोलावं तर? ते म्हणाले, "गोळ्या संध्याकाळी वाटू. डोस मी लिहून देतो." फांग बाईंनी भुवया उचलल्या, पण डॉक्टर ते डॉक्टर.

खोलीत येऊन त्यांनी दार लावलं. एक सोपी वाट होती आणि ती त्यांना लगेच दिसली, भित्र्या माणसाला दिसते तशी. सगळ्यांनाच एकटी लाल गोळी द्यायची. कुणालाच विचारायला नको, कुणालाच सांगायला नको. सहाजणांना अर्धी ढाल. ल्वान ताईचं वय, तिचा मधुमेह, तिला अर्धी ढाल, का? तर डॉ. च्येनना एका पोरीशी दोन शब्द बोलायची भीती वाटते म्हणून. त्यांनी तसं लिहिलंसुद्धा. अक्षर सुरेख आलं होतं. मग ते खोडलं, आणि खोडतानाही हात थांबत थांबत चालला.

वाफेच्या यंत्रांच्या खोलीत या-चू एकटी होती. वापरलेल्या प्लेटा तिथे उकडून मारतात. यंत्राची शिटी अधूनमधून वाजायची आणि खोलीभर ओला, शिजलेला वास असायचा. या-चूने दोन मास्क लावले होते. डॉ. च्येन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "फार उकडतंय नाही इथं?"

"यंत्रच उकडायचं आहे, सर."

"हो. ते आहे."

मग या-चू पाठमोरीच म्हणाली, "सर, मी मघाशी फांग बाईंना नाही म्हटलंय."

"ऐकलं मी."

"मग झालं की."

"झालं," डॉ. च्येन म्हणाले. "तू फक्त... दोन गोळ्यांतली एक तू घेऊ नकोस."

ती वळली. मास्कच्या वर नुसते डोळे होते. मग तिने विचारलं, "कुठली?"

त्या एका शब्दाने सगळं सांगून झालं आणि काहीच सांगितलं गेलं नाही. "पिवळी," ते म्हणाले. "कुणाला दिसणार नाही अशी टाकून दे. लाल तेवढी घे, एकही चुकवू नको. बायकांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंशी मी बोललोय, नाव नाही घेतलं. तू जा त्यांच्याकडं. त्या विचारणार नाहीत."

"सासूलासुद्धा ठाऊक नाही, सर. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. नवऱ्याने तर पाळणा आणून जोडला, स्क्रू पिळून पिळून. नाही राहिलं." ती हे सांगताना हातातल्या प्लेटा नीट रचत होती. "या वेळी कपाटसुद्धा जागचं हलवलं नाही आम्ही."

"मी तुला हाक मारली," डॉ. च्येन म्हणाले. "मी झाकण उचललं तुझ्या नाकाखाली."

"सर, मी वास घेतलाच नाही."

"वाकलीस तू."

"वाकले. तुम्ही सर आहात, नको कसं म्हणू? वाकले आणि श्वास धरून ठेवला. हल्ली मी तसंच करते. सगळ्याचाच वास येतो मला, तुमच्या चहाचासुद्धा. झाकण उघडायचं की आधी श्वास बंद. त्या दिवशी तो धरवेना म्हणून पळाले. बाहेर जाऊन सोडला."

यंत्राने शिटी मारली. डॉ. च्येन जागच्या जागी हललेच. मग त्यांनी मान डोलावली, आणखी एकदा डोलावली, आणि बाहेर आले. जिन्यात कठड्याला धरून ते उभे राहिले. श्वास धरला होता. म्हणजे गेलंच नाही काही आत. छातीत कसलीतरी गाठ सुटली आणि तिथे नुसती पोकळी झाली. उभ्या उभ्या त्यांना हसू आलं.

ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. रस्ता ओलांडताना थांबले असता एक म्हातारी त्यांना म्हणाली, "आधी तुम्ही जा," आणि ते म्हणाले, "नाही, आधी तुम्ही." मागच्या स्कूटरवाल्याने कर्णा वाजवला. इथे माणसं अशीच. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून किती सहज, किती दोन्ही हातांनी खोटं बोलतात. चहा पुढे करावा तशी तिने ती गोष्ट त्यांच्यापुढे केली नसेल कशावरून? सरांचा चेहरा बघवेना, म्हणून. हा विचार त्यांना पाणी पिताना आला, आणि मग गेला नाही. तो दाढी करताना असायचा, पुस्तक उघडलं की दोन ओळींच्या मधे असायचा.

दिवस जाऊ लागले. लाल गोळीने घाम केशरी होतो. सदऱ्यांच्या कॉलरी बघून पी-युन म्हणाली, "गाजरं खाल्लीस की काय पोतंभर?" त्यांनी तिला जंतूचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग तिच्या त्या खालच्या आवाजात विचारलं, "आणखी कुणाचं काही आहे का?" ती अशीच विचारायची, वर्षानुवर्षांतून एकदा, अगदी बरोबर जागी. "नाही," डॉ. च्येन म्हणाले. त्या 'नाही'चा आवाज त्यांना ओळखीचा वाटला. तितकाच खणखणीत होता.

रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर आकडे यायचे. ल्वान ताईचा आकडा यायचा तो एखाद्या चित्रासकट, कधी घाम पुसणारं डुक्कर, कधी छत्रीखालची मांजर. या-चूचा नुसता आकडा. तो वेळेवर आला की डॉ. च्येनना जरा वेळ चार माणसांसारखं वाटायचं. मग पुन्हा सुरू: सकाळपेक्षा संध्याकाळचा आकडा थोडा वर आहे, पण अशा दिवसांत तो थोडा वर असतोच, की नसतो? ते पुस्तक काढून बघायचे. पुस्तकात असायचं की असतो. जन्मभर त्यांनी पुस्तकांवर विश्वास ठेवला होता, आणि आता पुस्तक मिटलं की लगेच वाटायचं, लिहिणाऱ्याला तरी काय ठाऊक. एके दिवशी तिचा आकडाच आला नाही. अंधार पडू लागला. फोन करावा तर काय म्हणून करावा? ते खिडकीशी उभे राहिले, खाली मंदिरात कुणीतरी दोन लाकडी चंद्रकोरी फरशीवर टाकून देवाला कौल लावत होतं, तो टक् टक् आवाज वर येत होता, पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. देव काही एकदा सांगून मोकळा होत नव्हता. मग आकडा आला. सोबत लिहिलं होतं: झोप लागली होती सर, माफ करा. ते पलंगाच्या कडेवर बसले.

आणि मग गोळ्या संपत आल्या त्या सुमाराला एका संध्याकाळी त्यांना स्वतःलाच बारीक कणकण वाटली. तापमापकाने थोडासाच ताप दाखवला, इतका थोडा की दमणुकीचाही असू शकेल. तो आकडा बघून पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. लाजिरवाणा, पोरासारखा आनंद: मला आला! धरायचं होतं ते त्याने मला धरलं, तिला सोडलं. जणू जंतूकडे एकाच माणसापुरतं बळ होतं. आरशासमोर उभे राहून त्यांनी पुन्हा ताप मोजला आणि मोजता मोजता दुसरा विचार आला, आणि त्याच्याबरोबर मानेमागचा तो गार रुमाल. आपल्याला आला असेल, तर त्या प्लेटवरून तो खरंच उठत होता. हवेत होता. तिचं तोंड आपल्यापेक्षा जवळ होतं.

दुसऱ्या दिवशी फांग बाईंनी त्यांचं रक्त काढलं. जंतू असला तर वाढून दिसायला दिवस लागणार. त्याची लाजत लाजत यायची रीत त्यांना आता ठाऊक होती. "घरी जा," फांग बाई म्हणाल्या. ते घरी गेले नाहीत. जेवणाची वेळ होती, लॅब रिकामी झाली होती. दाराशी ल्वान ताई तेवढी पांढरा कोट खुंटीला लावत होती. ती त्यांना दिसली नाही, किंवा दिसली आणि ध्यानात आली नाही. ते त्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. एक कोरी, रिकामी प्लेट घेतली. सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट होती, आणि आता ती करून बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लॅबमधली हवा बाहेर जात नाही. बाहेरची तेवढी आत ओढली जाते, अशी तिथली व्यवस्था. म्हणजे दार ओलांडलं की माणूस सुटला. या टेबलापासून त्या दारापर्यंत, एवढ्या एका श्वासात, आतून मळमळत असताना, जाता येतं का? एवढंच. येत असेल तर ती खरं बोलली असेल.

त्यांनी श्वास घेतला, धरला. झाकण उचललं. वाकले. वळले. आणि चालू लागले, पळायची लाज वाटून भराभर चालू लागले. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग कानांत रक्त वाजू लागलं. डोळ्यांपुढे मशीन, फ्रिज, हात धुवायचं बेसिन एकेक करून मागे सरत गेलं, दार जवळ येत होतं, जाता येत होतं, म्हातारा माणूस जाऊ शकतो तर ती तर तरणीताठी...

"डॉक्टर! कुठं निघालात असे गाल फुगवून?"

त्यांनी हात हलवला. बोलता येणार नव्हतं.

"अहो, काय होतंय? छातीत दुखतंय? लाल झालात नुसते! बोला की!" ल्वान ताई कोट टाकून धावली, तिने त्यांचा दंड धरला, आणि श्वास फुटला. दाराच्या आतच. लॅबची सगळी हवा एकदम छातीत शिरली.

"काही नाही," ते धापा टाकत म्हणाले. "काही नाही, ल्वान."

"काही नाही काय? जीव घेतलात माझा. हाक मारली तर ओ द्यायची माणसाने, मेलं तरी." तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

ओ द्यायची, म्हणजे धरलेला श्वास सोडायचा. डॉ. च्येन फरशीकडे बघत राहिले. थोरल्या माणसाची हाक आली आणि धाकट्याने ओ दिली नाही, असं या इमारतीत होत नाही. त्या दिवशी या-चू पळाली तेव्हा मागून कुणीतरी हसलं होतं. नुसतं हसलं होतं का?

"ल्वान," ते म्हणाले, "या-चू त्या दिवशी पळत गेली ना? मी प्लेट दाखवली तेव्हा. तू तिला काही म्हणालीस?"

"म्हणाले ना. म्हटलं, काय गं, सरांनी चिमटा काढला की काय?" ती हसली.

"मग ती काही बोलली?"

"बोलली की. 'नाही हो ताई, काही नाही,' म्हणाली. गुणाची पोर, मरत असली तरी उत्तर देईल. तुमच्यासारखी नाही."

आपण विचारलेलं मागे घेता येईल का, असं डॉ. च्येनना वाटलं. पण पुढचा प्रश्न तोंडातून बाहेर पडलाच होता. "कुठं होती ती तेव्हा? दाराच्या आत, की बाहेर?"

ल्वान ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचं हसू हळूहळू गेलं. तिला या-चूच्या दिवसांचं ठाऊक नव्हतं. किंवा तिलाही, सगळ्यांसारखं, कधीचंच ठाऊक होतं. ती दारापाशी गेली. खाली उंबऱ्याच्या जागी पत्र्याची पट्टी होती.

"इथंच होती," ती म्हणाली, आणि नीट आठवत आठवत तिने एक पाय पट्टीच्या पलीकडे टाकला आणि एक अलीकडेच ठेवला. मग मान वळवून, तोंड पुरतं आत खोलीकडे करून, ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"अशी," ती म्हणाली. "अशी वळून बोलली."